आधी छप्पर, मग चूल

जुन्या पेठांची दाटी ओलांडून पूर्वेकडे आले, की राजारामपुरीच्या सरळ आखलेल्या आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या सुरू होतात. राजाराम महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीने कोल्हापुरातील वकील, शिक्षक, डॉक्टर, नोकरदार आणि व्यापारी यांच्या कित्येक पिढ्यांना निवारा दिला. पुढे अंगण, वर मंगलोरी कौले, मागील बाजूस पुढे केव्हातरी चढविलेला स्लॅब आणि त्यावरची गच्ची, अशी येथील जुन्या घरांची सर्वसाधारण ठेवण. त्यांतील कित्येक घरे पाडली गेली. जी उरली आहेत, त्यांनी या शतकात कोणत्या इंधनावर चालावयाचे हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. छपरावर वीजनिर्मितीची साधने बसविण्यासाठी मोठे अनुदान देणारी जी केंद्रीय योजना सध्या अमलात आहे, तिचा काळ 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंतच आखण्यात आला होता. म्हणून एरवी घरगुती वाटणारा हा विषय आम्ही आज पहिल्या पानावर घेत आहोत.

‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ या नावाने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत देशातील एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले असून तिच्यासाठी 75 हजार कोटी रुपयांहून थोडी अधिक तरतूद करण्यात आली. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटमागे 30 हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी 18 हजार रुपये, म्हणजे एका घरास अधिकात अधिक 78 हजार रुपये अनुदान मिळते. उरलेल्या रकमेसाठी बँकांनी तारणावाचून कर्ज द्यावे अशीही व्यवस्था आहे. दहा किलोवॅटपर्यंतच्या जोडणीस तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागू नये, अशी सुधारणा केंद्राने 2024 मध्येच वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत केली. कागदावर पाहता सरकारने आपल्या बाजूने वाट बरीच मोकळी केली आहे, हे मान्य करावयास हवे.

या खटाटोपाचे कारण काय, असे विचारणारे वाचकही असतील. ज्या घरात वेळेवर सिलिंडर येतो आणि बटण दाबताच दिवा लागतो, त्या घराने छपरावर लोखंडी सांगाडे का उभारावेत? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. देशात जाळल्या जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस परदेशातून येतो, आणि त्यातील फार मोठा भाग आखाती देशांतून होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीमार्गे येतो. तिकडे तोफा धडाडल्या की इकडे गृहिणीच्या काळजाचा ठोका चुकतो. विजेची स्थिती याहून फारशी स्वतंत्र नाही. कोयनेचे 1,960 मेगावॅटचे प्रकल्प आपल्या अभिमानाचे विषय आहेत आणि राधानगरीच्या पाण्यावरही वीज निर्माण होते. तथापि महाराष्ट्राच्या विजेचा मुख्य आधार आजही कोळसाच आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. राजारामपुरीत लागणाऱ्या दिव्याची काजळी येथे दिसत नाही, याचा अर्थ ती कोठेच धरत नाही असा नव्हे. ती चंद्रपूरकरांच्या वाट्यास येते.

येथेच एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. गॅसची शेगडी काढून विजेची इंडक्शन शेगडी आणली की घर ‘स्वच्छ’ झाले, असे अनेक सुशिक्षितांस प्रामाणिकपणे वाटते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. 14.2 किलो गॅसच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे 180 युनिट विजेइतकी उष्णता असते. पैकी बराच भाग भांड्याच्या कडेने वाया जातो. इंडक्शनवर हा अपव्यय पुष्कळ कमी होत असल्याने तोच स्वयंपाक सुमारे 130 युनिटांत होतो. ही बचत मोठी आहे यात शंका नाही. परंतु एक सिलिंडर जाळल्याने सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो, तर देशातील वीज सरासरीने एका युनिटामागे सुमारे 0.7 किलो या प्रमाणात तो वायू सोडते. म्हणजे 130 युनिटांमागे 90 किलोच्या आसपास. केवळ शेगडी बदलली आणि वीज पूर्वीचीच ठेवली, तर आपल्या स्वयंपाकाचा भार निसर्गावर दुपटीने वाढतो. फरक इतकाच, की तो आपल्या डोळ्यांआड वाढतो. शिवाय महावितरणचे घरगुती दर वापराच्या टप्प्यांनी चढत जातात, त्यामुळे महिन्याला शे-सव्वाशे युनिटांची भर पडताच बिल वरच्या टप्प्यात शिरते. पुण्यही नाही आणि काटकसरही नाही, अशी ही अवस्था होय.

तेव्हा जुन्या घराचा कायापालट करावयाचा तर त्यास क्रम हवा. आमच्या मते हा क्रम निःसंदिग्ध आहे: प्रथम छप्पर, मग न्हाणीघर, आणि सरतेशेवटी चूल.

छपराचे गणित सोपे आहे. एक किलोवॅटच्या सौर पॅनेलांस सावलीविरहित सुमारे 100 चौरस फूट जागा लागते आणि त्यापासून वर्षाच्या सरासरीने महिन्याला 100 ते 120 युनिट वीज मिळते. तीन किलोवॅटची साधने म्हणजे महिन्याला 300 युनिटांहून थोडी अधिक वीज. चारपाच माणसांच्या ज्या घरात दिवे, पंखे, शीतकपाट आणि पंप यांसाठी दीडएकशे युनिट लागतात, तेथे उरलेल्या विजेत एका सिलिंडरचा स्वयंपाक बसतो. सरकारने अनुदानासाठी जो खर्च गृहीत धरला आहे, त्यानुसार या तीन किलोवॅटची किंमत 1 लाख 45 हजार रुपयांच्या घरात येते. बाजारात याहून अधिक मोजावे लागतात, हेही स्पष्ट सांगितलेले बरे. आषाढ-श्रावणात कोल्हापूरला सूर्यदर्शन दुर्मिळ होते हा आक्षेप खरा आहे. परंतु नेट मीटरच्या पद्धतीत जादा युनिटांची शिल्लक पुढील महिन्यांत ओढली जाते व हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस मिटतो. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हाची बचत पावसाळ्यात उपयोगी पडावी, अशीच ही रचना आहे.

न्हाणीघराची गोष्ट याहून जुनी आहे. तांब्याचा बंब, त्यात घातलेले जळण आणि शेणी, आणि पहाटे सर्वांच्या आधी उठून तो पेटविणारी घरातील कर्ती स्त्री, हे चित्र राजारामपुरीने काल-परवापर्यंत पाहिले आहे. बंब गेला आणि त्याच्या जागी गॅसचा गिझर आला. गच्च बंद न्हाणीघरात हा गिझर चालविणे किती घातक आहे, याची जाणीव अजूनही पुरेशी झालेली नाही. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड हा रंग नसलेला, वास नसलेला विषारी वायू निघतो आणि माणसास हाक मारण्याचीही सवड न देता बेशुद्ध करतो. शंभर लिटर पाणी अंघोळीइतके ऊन करावयास रोज सुमारे चार युनिट उष्णता लागते. गॅसवर ते नित्य तापविले तर महिन्याला जवळजवळ एक सिलिंडर त्यातच संपतो. हेच काम गच्चीवरील सौर बंब सुमारे वीस चौरस फूट जागेत, विजेच्या तारेवाचून करतो. ज्या कुटुंबास तीन किलोवॅटचा खर्च आज झेपत नाही, त्याने निदान येथून आरंभ करावा.

राहता राहिली चूल. येथे आम्ही आततायी उपदेश करू इच्छित नाही. तांब्यापितळेची व ॲल्युमिनियमची भांडी इंडक्शनवर तापत नाहीत. चुंबकास चिकटेल असेच बूड लागते. आईच्या हातची पितळी पातेली माळ्यावर टाकून एका दिवसात नवे संसारसाहित्य आणा, असे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे. लोखंडी तवा चालतो, परंतु भाकरीला ज्वाळेवर येणारा पापुद्रा या शेगडीवर येत नाही, हे कोल्हापूरकरास सांगावयास नको. डाळ-भात, दूध, चहा, रश्श्याचे आधण अशी दिवसातील बहुतेक कामे विजेवर आणि भाकरीपुरता गॅस, अशी वाटणी केली तरी वर्षाचे सिलिंडर निम्म्याहून कमी होतील. त्यातही जड कामे दुपारी उन्हाच्या वेळी केली, तर आपल्याच छपरावरची वीज आपल्याच घरात खर्ची पडेल. संध्याकाळी लागणारी वीज हिशेबात आपली असली, तरी प्रत्यक्षात ती बाहेरून येते याचे भान ठेवावे.

जुन्या घराला जुन्या घराच्याच नेटाने सांभाळले पाहिजे, ही दुसरी सावधगिरी. दोन हजार वॅटची शेगडी सुमारे नऊ अँपिअर प्रवाह ओढते. लाकडी पट्टीवरून गेलेल्या जुन्या तारा आणि पाच अँपिअरची खोकी यांचे ते काम नव्हे. स्वयंपाकघरासाठी तांब्याची स्वतंत्र तार, 16 अँपिअरचा जोड, चांगले अर्थिंग आणि महावितरणकडून वाढवून घेतलेला मंजूर भार, इतके झाल्यावाचून शेगडी आणू नये. कौलांवर पॅनेल चढविण्याची घाई तर मुळीच करू नये. वासे आणि रिपा यांना वाळवी लागली आहे काय, वाऱ्याचा जोर छप्पर पेलेल काय, हे जाणकार अभियंत्याने पाहिल्यावाचून केलेले काम पहिल्याच पावसाळ्यात गळू लागते. बहुतेक घरांत मागील स्लॅबची गच्ची हीच योग्य जागा होय. आणखी एक गैरसमज दूर व्हावयास हवा. बॅटरीवाचून बसविलेली साधने बाहेरची वीज जाताच सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये महापुराने शहराच्या अनेक भागांतील वीज व पाणी बंद पाडले, तशा प्रसंगी छपरावर पॅनेल असूनही घर अंधारातच राहील. तो काळ निभावयाचा असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च करावा लागेल, हे विक्रेत्याने सांगण्याची वाट न पाहता ग्राहकाने आधीच समजून घ्यावे.

इतक्या कटकटी करण्यापेक्षा घर पाडून इमारत बांधावी, हा सल्ला आजकाल राजारामपुरीत फुकट मिळतो. उर्जेच्या दृष्टीने तो उलटा आहे. सूर्य छपरावर पडतो, मजल्यांवर नव्हे. दुमजली घरात एका-दोन कुटुंबांच्या वाट्याला सबंध गच्ची येते. त्याच जागेवर पाच मजली इमारत उभी राहिली की तीच गच्ची वीस बिऱ्हाडांत वाटली जाते आणि तीवर पाण्याच्या टाक्या व जिन्याची खोली यांचाही हक्क असतो. ज्या घरांना आपण जीर्ण म्हणून निकालात काढतो, तीच स्वतःच्या इंधनाची गरज स्वतः भागविण्यास सर्वांत अधिक समर्थ आहेत. शिवाय भाजलेली वीट, कौल आणि सागवान यांत जे इंधन आणि श्रम मागील पिढ्यांनी घातले, ते पाडकामाच्या ढिगाऱ्यात जाते आणि त्याच्या जागी नव्या सिमेंट-पोलादासाठी नव्याने कोळसा जळतो, तो निराळाच.

मग अडते कोठे? यंत्र उपलब्ध आहे, अनुदान आहे, कर्ज आहे, ऊन तर मुबलक आहे. आमच्या मते अडते ते मालकीपाशी. या योजनेचा लाभ स्वतःच्या मालकीचे छप्पर आणि वैध वीजजोडणी असणाऱ्या कुटुंबास मिळतो. आता जुन्या घरांची कागदपत्रे पाहा. विजेचा मीटर बहुधा आजोबांच्या नावावर असतो, आणि आजोबांना जाऊन पंचवीस वर्षे झालेली असतात. मिळकत पत्रिकेवर चार भाऊ आणि दोन बहिणी यांची नावे लागलेली असतात किंवा लागावयाची असतात. एक भाऊ पुण्यास, एक परदेशी, आणि जो येथे राहून घर सांभाळतो, त्यास गच्चीवर खिळा ठोकावयाचा तर सर्वांची संमती लागते. ती मागताच वाटणीचा जुना विषय निघेल, या भीतीने तो गप्प बसतो. घराचे छप्पर अशा रीतीने सर्वांचे असून कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

भाडेकरूंची स्थिती याहून बिकट आहे. ज्याच्या नावावर मीटर आहे त्याचे छप्पर नाही, आणि ज्याचे छप्पर आहे त्यास भाडेकरूच्या विजेच्या बिलाशी कर्तव्य नाही. मालकाने पैसे घातले तर लाभ भाडेकरूचा. भाडेकरूने घातले तर तो उद्या मालकी सांगेल, असा मालकास संशय. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मालकाने केलेल्या सुधारणांपोटी भाडे वाढविण्याची तरतूद आहे. पण छप्परच वीज निर्माण करील ही कल्पना त्या वेळी कायदेकर्त्यांच्या डोळ्यांपुढे असणे शक्य नव्हते. परिणामी सार्वजनिक तिजोरीतून दिले जाणारे 78 हजार रुपये ज्यांच्यापाशी निर्वेध मालकीचे छप्पर आहे, त्यांच्याच पदरी पडतात. कर सर्वांनी भरावा आणि ऊन काहींनीच विकत न घेता मिळवावे, यात न्याय नाही. स्वच्छ उर्जा ही गच्चीवाल्यांची मिरास होता कामा नये.

यावर उपाय आहेत, आणि ते फार दूरचे नाहीत. महावितरणने जुन्या वसाहतींत गल्लीवार शिबिरे घेऊन मृत व्यक्तींच्या नावावरील मीटर प्रत्यक्ष राहणाऱ्या वारसाच्या नावावर करून द्यावेत. मीटरावरील नाव हा मालकीचा पुरावा नव्हे, असे त्यावर स्पष्ट नमूद केले की इतर वारसांची धास्ती जाईल. सहवारसांच्या संमतीसाठी एक साधा छापील नमुना असावा आणि त्या संमतीने कोणाचाही हिस्सा कमी-जास्त होणार नाही, असे त्यातच लिहिलेले असावे. महापालिकेने जुन्या बांधकामांची तपासणी वाजवी शुल्कात करून देणाऱ्या अभियंत्यांची यादी आपल्या विभागीय कार्यालयांत लावावी. एका छपरावरील वीज अनेक मीटरांच्या बिलांत वाटून देण्याच्या पद्धतीस दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने 2019 मध्येच रीतसर वाट करून दिली. तिचा लाभ आपल्याकडील वाड्यांतील व चाळींतील भाडेकरूच्या बिलापर्यंत पोहोचेल, इतकी सोपी कार्यपद्धती येथे हवी. आणि राज्य सरकारने भाडे कायद्यात स्पष्टता आणावी: मालकाने छपरावर केलेला खर्च भाडेकरूच्या वीजबचतीतून ठरावीक वर्षांत वसूल व्हावा, आणि भाडेकरूने दिलेल्या वर्गणीतून मालकीचा कोणताही हक्क उद्भवू नये.

याच ओघात सावलीच्या प्रश्नाचाही विचार व्हावा. जुन्या घराने कर्ज काढून पॅनेल बसविले आणि दोन वर्षांनी दक्षिणेकडील भूखंडावर उंच इमारत उभी राहिली, तर त्या घराचे ऊन गेले आणि हप्ते मात्र राहिले. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने वीस वर्षे उपभोगलेल्या प्रकाशाचे रक्षण होते. परंतु त्या कायद्याचे कर्ते खिडकीचा विचार करीत होते. बांधकामास परवाना देताना शेजारच्या छपरावरील साधनांवर पडणारी सावली विचारात घेतली जावी, एवढी अपेक्षा नगररचना विभागाकडून ठेवणे अवाजवी नाही. मात्र या निमित्ताने कोणी आपल्या किंवा शेजाऱ्याच्या दारातील झाडावर कुऱ्हाड चालवू नये. झाडाची सावली आणि इमारतीची सावली यांत फरक आहे, आणि तो सुज्ञांस समजावून सांगण्याची गरज नसावी.

कोल्हापूरला असल्या कार्याचे वावडे नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले, तेव्हा त्याचे पाणी पुरते पाहण्याचे भाग्य आपल्या हयातीत लाभेल की नाही याचा हिशेब त्यांनी मांडला नाही. ते काम स्वातंत्र्यानंतर पुरे झाले आणि आज हा जिल्हा त्याची फळे खात आहे. अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर ‘होळी लहान, शेणी दान’ या हाकेचे घ्यावे. होळीत जाळावयाच्या शेणी पंचगंगेच्या स्मशानभूमीस द्याव्यात, असे काही जाणत्यांनी सुचविले आणि गल्लोगल्लीच्या तरुण मंडळांनी ते उचलून धरले. होळीचा धर्म बुडाला नाही, आणि गोरगरिबांच्या अंत्यविधीची सोय मात्र झाली. जुनी रीत न मोडता तिला नवे वळण देण्याचे शहाणपण या शहरापाशी आहे, हे त्यावरून दिसते. जी तरुण मंडळे शेणी गोळा करतात, त्यांना गल्लीतील सावलीविरहित गच्च्यांची मोजणी करणे आणि वृद्ध घरमालकांचे अर्ज भरून देणे अवघड जाईल, असे आम्हांस वाटत नाही.

सरकारी योजनांस मुदत असते, उन्हास ती नसते. तरीही मुदतीचा लाभ घेणे हा व्यवहार आहे आणि तो न घेणे हा आळस. राजारामपुरीतील ज्या घरांत चार भावांचा अबोला गच्चीवर साचून राहिला आहे, त्या घरांना आमची एवढीच विनंती, की वाटणीचा निकाल लागेल तेव्हा लागो. तोवर सर्वांच्या माथ्यावर सारखेच पडणारे ऊन सर्वांच्या संमतीने घरात आणावे. आणि शासन, महापालिका व महावितरण यांना आमचे सांगणे असे, की अनुदानाची रक्कम जाहीर केल्याने कर्तव्य संपत नाही. आजोबांच्या नावावरील मीटर, न लागलेली वारसनोंद आणि भाडेकरूची अडचण या तीन गाठी जोवर सुटत नाहीत, तोवर राजारामपुरीची जुनी छपरे रिकामी तापत राहतील आणि त्यांच्याखाली चंद्रपूरचा कोळसा आणि आखाताचा गॅस जळत राहील. या गाठी सोडविण्यास उन्हाळ्याची वाट पाहावी लागत नाही. कामास आजच लागता येते.